वळणावर ओझे कुणाच्या अंगावर?

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी सरळ उभी असते. पुढे ट्रॅक्टर, त्याच्या हुकाला एक ट्रॉली आणि तिच्यामागे दुसरी. काटा टन दाखवतो, पावती निघते, गाडी गव्हाणीकडे सरकते. त्या टनांपैकी कोणत्या चाकावर किती होते आणि ट्रॅक्टरच्या हुकावर किती दाब होता, हे पावतीवर नसते. कुणी हा हिशेब मांडलाच, तरी तो सरळ उभ्या गाडीचा असेल. रस्त्यावरच्या पहिल्याच वळणावर तो मोडतो. ऊस तेवढाच, ट्रॅक्टरही तोच. पण ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यात कोन पडला की ओढीची दिशा फिरते, आणि मागच्या दोन चाकांनी मिळून पेललेला भार एकाच चाकाकडे झुकू लागतो.

सोलापूर जिल्ह्यात हा विषय कुणालाही परका नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि माढा, पंढरपूर, माळशिरस, मोहोळच्या शिवारात ऊस पसरत गेला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत, तीसहून अधिक. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होते आणि पुढचे चार-पाच महिने रस्ते उसाच्या ट्रॉल्यांचे असतात. कुमठ्याचा सिद्धेश्वर कारखाना तर शहराला लागूनच आहे. पुणे–हैदराबाद, विजयपूर, तुळजापूर, अक्कलकोट, मंगळवेढा अशा सगळ्या वाटा सोलापुरात येऊन मिळतात. त्यामुळे हंगामात जोडट्रॉली दिसली नाही असा दिवस जात नाही.

शहराच्या पोटात, भवानी पेठेसारख्या जुन्या वस्तीत, दृश्य थोडे वेगळे असते. रूपाभवानीचे देऊळ, तुळजापूर वेस, पुढे हैदराबाद रस्त्याला बाजार समिती, असा हा सगळा परिसर. इथे ट्रॅक्टरमागे ऊस कमी. विटा, खडी, पाण्याचे टँकर, हंगामात कांद्याच्या गोण्या जास्त. रस्ता अरुंद, वळणे काटकोनी आणि कोपऱ्यावर कुणाचा तरी ओटा किंवा हातगाडी ठरलेली. अशा कोपऱ्यावर भरलेली ट्रॉली वळताना नीट पाहावी. चालक आधी ट्रॅक्टर उलट्या बाजूला, अगदी समोरच्या दुकानाच्या पायरीपर्यंत नेतो आणि मग स्टेअरिंग भरपूर फिरवतो. ट्रॅक्टर सहज वळतो, पण ट्रॉलीचे आतले चाक त्याच्या मागोमाग येत नाही. ते कोपरा कापत गटाराच्या कडेला भिडते. त्याच वेळी ट्रॅक्टरचे आतल्या बाजूचे मोठे चाक आणि ट्रॉलीचा दांडा यांतली फट कमी होत होत चार बोटांवर येते. हुकातली पिन कुरकुरते, आतल्या बाजूचा टायर खाली बसल्यासारखा दिसतो आणि पुढची दोन लहान चाके जमिनीवर नुसती टेकल्यासारखी घसटत जातात.

या तीन गोष्टी, म्हणजे मागचे दबणे, पुढचे हलके होणे आणि आत कापणे, एकाच कारणातून येतात. ते कारण हुकापाशी आहे.

बैलगाडी हाकणाऱ्याला हुकावरचा भार शिकवावा लागत नसे. साटीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळायची, जू मानेवरून वर उचलले जाऊन बैलांची जुपणी गळ्याला आवळायची. माल पुढे जास्त झाला की सगळे ओझे बैलांच्या खांद्यावर. म्हणून गाडी भरताना माणूस जू हाताने उचलून पाहायचा आणि चार पेंढ्या पुढे-मागे करायचा. दोन चाकी ट्रॉलीचे गणित तेच आहे. माल आसाच्या थोडा पुढे असला तर दांडा ट्रॅक्टरच्या हुकावर दाब देतो. तो दाब हवा असतो, कारण त्यानेच ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड मिळते. अडचण त्याच्या प्रमाणाची आहे.

समजण्यासाठी काही गोल आकडे धरू. ट्रॅक्टर पन्नास अश्वशक्तीचा, वजन २,१०० किलो, पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर २ मीटर. मोकळा उभा असताना पुढच्या चाकांवर सुमारे ८०० किलो असतात. हुक मागच्या आसाच्या ६० सेंटीमीटर मागे आहे आणि ट्रॉलीचा दांडा त्यावर १,००० किलोचा दाब देतो. मागचा आस इथे टेकूचे काम करतो. मागे दाबले की पुढे उचलले जाते. पुढच्या चाकांवरचे ३०० किलो कमी होऊन ५०० उरतात. मागच्या चाकांवर मात्र १,००० नव्हे, १,३०० किलोची भर पडते.

आता गाडी निघाली. दोन ट्रॉल्या मिळून वीस टन धरले, तर बऱ्यापैकी रस्त्यावरही त्यांना ओढायला सुमारे ६०० किलोची ओढ लागते. चढ किंवा चिखल असेल तर कितीतरी जास्त. ही ओढ जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर मागे खेचत असते, म्हणजे तीही ट्रॅक्टरचे नाक वर करते. पुढच्या चाकांवरचे आणखी १५० किलो गेले. ८०० मधून ३५० उरले. स्टेअरिंग याच चाकांकडून चालायचे असते. म्हणून पुढच्या बंपरवर लोखंडी वजने टांगायची पद्धत पडली, आणि चढावर पुढची चाके हवेत तरंगत चाललेला ट्रॅक्टर ऊसपट्ट्यात कुणी पाहिला नाही असे होत नाही.

इथवर सगळे सरळ रेषेत होते.

ट्रॅक्टर वळला की ट्रॉलीचा दांडा त्याच्याशी कोन करतो. दांडा जिकडे रोखलेला, ओढ तिकडेच. कोन ३० अंशांचा झाला तर ओढीचा निम्मा हिस्सा आडवा होतो. ६० अंशांवर आडवा हिस्सा ८७ टक्क्यांवर जातो आणि सरळ मागे खेचणारा निम्म्यावर येतो. काटकोनात तर सगळी ओढ आडवीच. म्हणजे एकूण ओढ तेवढीच राहिली, तरी तिचे काम बदलले. मघाशी ती ट्रॅक्टरचे नाक उचलत होती. आता ती त्याला कुशीवर झुकवू पाहते.

आपल्या उदाहरणात कोन साधारण ४१ अंशांचा धरला, तर ६०० पैकी जवळजवळ ४०० किलो आडवे खेचतात, वळणाच्या आतल्या बाजूला. मागच्या चाकांतले अंतर दीड मीटर असेल, तर एवढ्या ओढीने बाहेरच्या चाकावरचे सुमारे १३० किलो आतल्या चाकावर सरकतात. भवानी पेठेच्या कोपऱ्यावर आतला टायर बसलेला दिसतो, त्यात या १३० किलोंचा वाटा असतो. शिवाय ही आडवी ओढ मागच्या आसाच्याही मागे लागते. ती ट्रॅक्टरची शेपटी आत खेचते, म्हणजे नाक बाहेर ढकलते. चालक वळू पाहतो आणि ट्रॉली त्याला सरळ करू पाहते. तिला आवरायला पुढच्या चाकांना सुमारे १२० किलोचा आडवा जोर लावावा लागतो, आणि तो ही चाके आधीच हलकी झालेली असताना. डांबरावर हे निभते. वाळू सांडलेल्या किंवा उसाचे पाचट पडलेल्या रस्त्यावर पुढची चाके वळलेल्या अवस्थेतच सरळ घसरत जातात.

चालकांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे एका बाजूचा ब्रेक. ट्रॅक्टरच्या डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाला वेगळे ब्रेक पेडल असते. शेतात तासाच्या टोकाला जागच्या जागी वळण्यासाठी ती सोय आहे. रस्त्यावर दोन्ही पेडले खिटीने एकत्र जोडून ठेवायची असतात. पण पुढची चाके ऐकत नाहीत म्हटल्यावर खिटी काढून आतल्या चाकाचा ब्रेक दाबला जातो, आणि गाडी वळतेही. पुढे भरधाव जाताना अचानक ब्रेक लागला आणि खिटी लावायची राहून गेलेली असली, तर एकच चाक थांबते आणि ट्रॅक्टर तिथल्या तिथे फिरतो. चालकाच्या सवयीला दोष देण्याआधी ती का लागली ते बघायला हवे. हुकावरचा जास्तीचा भार हे त्यातले मोठे कारण आहे.

ट्रॉली दोन असल्या की प्रकरण आणखी गुंतते. भूमितीचा एक साधा नियम इथे कामाला येतो: गोल वळण घेत राहिल्यास मागचा प्रत्येक आस पुढच्यापेक्षा लहान वर्तुळावर फिरतो. ट्रॅक्टरच्या मागच्या आसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर आहे, दोन्ही ट्रॉल्यांच्या दांड्याच्या कडीपासून आसापर्यंत साडेतीन मीटर अंतर आहे आणि पहिल्या ट्रॉलीचा मागचा हुक तिच्या आसाच्या २ मीटर मागे आहे असे धरू. मग पहिली ट्रॉली ४.९ मीटरच्या वर्तुळावर येते आणि दुसरी ४ मीटरच्या. शेवटच्या ट्रॉलीने चालकाच्या नजरेआड दोन मीटर जागा आतून कापलेली असते. त्या दोन मीटरांत सायकल असू शकते, दप्तर घेतलेले पोर असू शकते. पेठेतला कोपरा पूर्ण गोल नसतो, त्यामुळे तिथे हा फरक थोडा कमी पडतो, पण पडतोच.

यातली कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट कोनांची आहे. याच उदाहरणात ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली यांच्यातला कोन ४१ अंश होतो, तर पहिल्या आणि दुसऱ्या ट्रॉलीतला ६३ अंशांच्या पुढे जातो. म्हणजे सर्वांत तीव्र वाकण मागच्या हुकात पडते, जिथे चालकाची नजर पोचत नाही आणि जिथली पिन बहुधा सगळ्यांत जुनी असते. दुसऱ्या ट्रॉलीच्या ओढीचा जवळजवळ नव्वद टक्के हिस्सा तिथे आडवा झालेला असतो आणि तो पहिल्या ट्रॉलीची शेपटी आत ओढत असतो. त्यातच दुसरी दोन चाकी असेल, तर तिचा दांडा पहिलीच्या मागच्या टोकावर दाब देतो आणि पहिलीचे पुढचे टोक हलके करतो. तो दाब ५०० किलोचा असेल, तर ट्रॅक्टरच्या हुकावरचे जवळजवळ २८५ किलो कमी होतात. नाक जमिनीवर राहते हे बरे. पण मागच्या चाकांची पकडही तेवढीच सैल होते.

चार चाकी ट्रॉलीचा दांडा हुकावर फारसा दाब देत नाही, कारण तिचे वजन तिच्याच चाकांवर असते. तिची अडचण वेगळी आहे. तिचा पुढचा आस फिरत्या टेबलावर बसवलेला असतो आणि दांड्याबरोबर सगळाच्या सगळा वळतो. सरळ असताना ट्रॉली चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर उभी असते. आस ४५ अंश वळला की पुढच्या चाकांचा आडवा पाया सत्तर टक्क्यांवर येतो. आस काटकोनात गेला तर दोन्ही पुढची चाके ट्रॉलीच्या मधल्या रेषेवर येतात आणि आडवे बघितले तर पुढचा पाया उरतच नाही. चौकोनाचा त्रिकोण होतो. वर तीन मीटर उंच ऊस रचलेला असताना ट्रॉली वळणातच कलंडते, त्यामागे हा आक्रसलेला पायाही असतो.

हा दोष युरोपातल्या घोडागाड्यांनाही होता. त्यांचा पुढचा आसही असाच अख्खा फिरायचा आणि तीव्र वळणावर गाडी उलटायची. म्युनिचचा गाडी बनवणारा गेऑर्ग लांकेनस्पर्गर याने आस जागेवरच ठेवून फक्त त्याच्या टोकांची चाके वळवण्याची रचना केली. लंडनमध्ये स्थायिक झालेला जर्मन प्रकाशक रुडॉल्फ आकरमन याने १८१८ साली तिचे पेटंट घेतले. आजची प्रत्येक मोटार त्याच तत्त्वावर वळते, आणि ट्रॅक्टरची पुढची चाकेही. ट्रॉली मात्र दोनशे वर्षांपूर्वीच्या जुन्या टेबलावरच राहिली. ती स्वस्त आहे, गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात होते, दुरुस्तीला सोपी पडते. या कारणांना वजन आहे, पण वळणावरच्या पायाचे गणित त्यामुळे बदलत नाही.

हुकावरचा भार वाटून घेण्याचा एक शहाणा प्रयत्न अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात रुळला आहे. तिथे सुटीसाठी चालते-फिरते घर, म्हणजे कारव्हॅन, मोटारीमागे जोडून कुटुंबे निघतात. कारव्हॅनच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के हिस्सा मोटारीच्या मागच्या हुकाच्या गोळ्यावर यावा असा तिथला दंडक आहे. तीन टनांची कारव्हॅन असेल तर ३०० ते ४५० किलो. एवढ्याने मोटारीचा मागचा भाग बसतो, पुढचा उचलतो, दिवे झाडांच्या शेंड्यांवर जातात आणि स्टेअरिंग हलके पडते. ट्रॅक्टरचीच व्यथा, फक्त चारचाकीत.

त्यावर तिथे हुकाच्या डोक्यातून दोन स्प्रिंगच्या पट्ट्या मागे नेतात, कारव्हॅनच्या दांड्याखालून, आणि त्यांची टोके साखळीने वर ताणून दांड्याला अडकवतात. पट्टी पहारीसारखे काम करते: टोक वर खेचले की मोटारीचा मागचा भाग उचलला जातो आणि भार पुढच्या चाकांकडे व काही कारव्हॅनच्या चाकांकडे जातो. हिशेब पाहा. गोळ्यावर ४०० किलो, गोळा मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे, मोटारीच्या दोन आसांत ३ मीटर. पुढच्या चाकांवरचे १६० किलो उडाले. प्रत्येक पट्टी ७५ सेंटीमीटर लांब आणि साखळीत २५० किलोचा ताण. कारव्हॅनचा आस गोळ्यापासून ५ मीटरवर असेल, तर पुढच्या चाकांना १५५ किलो परत मिळतात, कारव्हॅनच्या चाकांवर ७५ किलो वाढतात आणि मोटारीच्या मागच्या चाकांवरचे २३० किलो उतरतात. जवळजवळ सगळी भरपाई झाली.

पण ही भरपाई सरळ रस्त्यावरची. पट्ट्या मोटारीच्या हुकाच्या डोक्यात बसवलेल्या असतात आणि त्यांची टोके कारव्हॅनच्या दांड्याला. वळताना दोघांत कोन पडतो आणि पट्ट्या दांड्याबरोबर फिरतात. त्यांचा पीळ कारव्हॅनच्या दिशेने काम करत राहतो. मोटारीच्या दृष्टीने त्याचा एक हिस्सा नाक दाबतो आणि उरलेला मोटारीला कुशीवर पिळतो. साखळ्यांतला ताण कायम राहिला असे धरले, तरी ३० अंशांवर नाक दाबणारा हिस्सा ८७ टक्क्यांवर येतो, ६० अंशांवर निम्मा होतो आणि काटकोनात शून्य. प्रत्यक्षात ताणही कायम राहत नाही. हुकाचे डोके थोडे मागे कललेले बसवतात, म्हणून सरळ असताना पट्ट्यांची टोके खाली रोखलेली असतात आणि वर ओढून त्यांत ताण भरता येतो. वळताना तो कल पट्ट्यांना आडवा पडतो आणि ताण सैल होत जातो. शिवाय दोन पट्ट्यांची बुडे गोळ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला असल्याने आतल्या बाजूची कडी बुडाकडे सरकते आणि बाहेरची लांब जाते. दोन साखळ्या दोन वेगळ्या कोनांत तिरक्या होतात. सरळ असताना सारख्या भरलेल्या पट्ट्या वळणात सारख्या भरलेल्या राहत नाहीत.

म्हणून तिथले जाणकार अंगणाच्या उतारावर वळण घेत गाडी काढताना थांबून पाहतात. एकीकडे कोन, दुसरीकडे चढ-उतारामुळे हुकात पडलेला बाक. दोन्ही एकत्र आले की एखाद्या पट्टीवर ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त ताण येऊ शकतो. झोल आवरणारी घर्षणाची दांडी बसवलेली असेल, तर गाडी मागे घेण्याआधी ती काढून ठेवा असे उत्पादकच सांगतात, कारण उलट येताना कोन फार लवकर वाढतो. ट्रॅक्टरला अशा पट्ट्या बसवत नाहीत, आणि ओबडधोबड वाटांवर त्या टिकणारही नाहीत. धडा मात्र दोन्हीकडे एकच पडतो: हुकाची रचना सरळ रेषेत कितीही नीट जुळवली, तरी वळणात तिचे किती उरते ते वेगळे तपासावे लागते.

सगळ्यांत अवघड जागा म्हणजे उतारावरचे वळण. आतापर्यंत ट्रॅक्टर ओढत होता आणि ट्रॉली मागे खेचत होती. उतारावर चालकाने ब्रेक दाबला की उलट होते. कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, असले तरी चालू नसतात. वीस टनांची गती थांबवायची जबाबदारी दोन टनांच्या ट्रॅक्टरवर येते आणि ट्रॉली मागून ढकलू लागते. सरळ असताना ती पुढे ढकलते. कोन पडलेला असताना तिचा धक्का ट्रॅक्टरची शेपटी वळणाच्या बाहेर फेकतो. नाक आणखी आत वळते, कोन आणखी वाढतो, आडवा हिस्सा आणखी मोठा होतो. कात्री मिटावी तसे दोघे एकमेकांवर मिटतात. ओढताना आडवा जोर आतल्या बाजूला होता आणि वेगामुळे बाहेर फेकणाऱ्या जोराच्या विरुद्ध होता. ढकलताना दोन्ही एकाच दिशेला, बाहेर. ज्या वळणावर चढताना काही झाले नाही, त्याच वळणावर उतरताना गाडी का उलटली, याचे उत्तर इथे आहे.

वेगाचे गणितही निष्ठुर आहे. ट्रॉलीच्या दोन चाकांतले अंतर १.८ मीटर आणि भरलेल्या मालाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १.८ मीटर उंच धरला, तर वजनाच्या निम्म्याइतका आडवा जोर तिला उलटवायला पुरतो. आठ मीटर त्रिज्येच्या वळणावर १५ किलोमीटर वेगाने हा जोर वजनाच्या २२ टक्के असतो. २५ किलोमीटरला तो ६१ टक्क्यांवर जातो. दहा किलोमीटरचा फरक, आणि सुरक्षित वळण आणि उलटलेली ट्रॉली यांतले अंतर संपते. यात टायर दबणे, रस्ता बाहेरच्या बाजूला उतरता असणे, टेबल वळल्याने पाया आक्रसणे हे धरलेले नाही. ते सगळे मर्यादा खालीच आणतात.

या ट्रॉल्यांवर माणसेही असतात, हे विसरून चालणार नाही. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी बीडकडची ऊसतोड कुटुंबे पेटी, भांडी, सरपण, लेकरे घेऊन ट्रॉलीतूनच येतात-जातात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूरजवळ घाटमपूरला दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची ट्रॅक्टर-ट्रॉली उलटून तळ्यात गेली आणि २६ जणांचा जीव गेला. त्यात बायका आणि मुलेच जास्त होती. मालासाठी बांधलेल्या ट्रॉलीत माणूस बसला की वळणाचे हे सगळे आकडे जीवावरचे होतात.

हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम परिवहन विभाग आणि कारखाने घेतात. ती चांगलीच आहे, मागून धडकणारी कितीतरी वाहने तिने वाचतात. तसेच लक्ष हुकाकडे जायला हवे. पिन आणि कडी यांची झीज बघायला कुठले यंत्र लागत नाही. नवी कडी गोल असते. वर्षानुवर्षे वळणात एकाच बाजूला घासून ती लंबगोल होते, आणि मग प्रत्येक धक्क्याला पिनवर हातोडा बसल्यासारखा मार बसतो. दुहेरी जबड्याच्या हुकात पिनला वरून-खालून आधार मिळतो. नुसत्या एका पट्टीवरची पिन आडव्या ओढीने वाकते. दांड्याची कडी स्वतःभोवती फिरणारी असेल, तर ट्रॉली कलंडली तरी ट्रॅक्टरला पिळून बरोबर नेत नाही. वेल्डिंगच्या दुकानात ही फिरती कडी बसवायला फार खर्च येत नाही, पण ती मागावी लागते.

ट्रॉलीचे ब्रेक हा सगळ्यांत मोठा सुधार ठरेल. ट्रॉली ढकलू लागली की दांड्यातला सरकता भाग आत दबून तिचेच ब्रेक लावतो, अशी रचना जगभर वापरात आहे. उतारावरच्या वळणात बाहेर फेकणारा धक्का त्याने मुळातच कमी होतो. तोवर चालकाच्या हातात आहे ते एवढे: वळणाच्या आधी वेग आणि गिअर कमी करायचा, वळणात ब्रेक नाही, खिटी कायम लावलेली, माल आसाच्या थोडाच पुढे, आणि पेठेत शिरायचे असेल तर दुसरी ट्रॉली बाहेर सोडून यायचे.

सुरक्षेची साखळीही काही जण लावतात. पिन तुटली तर ट्रॉली सुटू नये म्हणून. दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींवर फुली मारून नेल्या, तर दांडा तुटून खाली पडला तरी त्यांच्या झोळीत अडकतो आणि जमिनीत रुतत नाही. साखळी फार लांब असली तर रस्त्यावर घासून झिजते. फार आखूड असली तर वळणात बाहेरच्या बाजूची ताणली जाते आणि चालत्या गाडीत तुटते किंवा कडी उपसते. तिची लांबी ठरवायची ती ट्रॅक्टर पूर्ण वळवून, ट्रॉलीचा दांडा मोठ्या चाकाच्या अगदी जवळ आणून, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे.